बुधवारी अकरा वाजता तुमची वाट कोण बघतंय?

गेल्या दोन अंकांत चाळिशी-पन्नाशीतल्या वाचकांची बरीच पत्रं आली. शब्द वेगवेगळे असले तरी प्रश्न एकच होता : ‘सगळं ठीक आहे, मग आता करू काय?’ त्यातली पाच पत्रं इथे घेतली आहेत. ती थोडी संक्षिप्त केली आहेत आणि नावं वगळली आहेत.

प्रश्न : वय ४९, सांगली. मुलगी लग्न होऊन गेली, मुलगा पुण्याला नोकरीला आहे. यजमान सकाळी नऊला जातात ते रात्रीच येतात. दहा वाजेपर्यंत माझं सगळं आवरलेलं असतं आणि मग दिवस अंगावर येतो. झोपही नीट लागत नाही. मी बी.कॉम. आहे. लग्नाआधी दोन वर्षं एका पेढीवर हिशेब लिहायचे. छंद लावून घ्या म्हणतात, पण मला कशातच रस वाटत नाही.

ताई, ‘कशातच रस वाटत नाही’ आणि ‘झोप लागत नाही’ ही दोन वाक्यं एकत्र आली की आधी डॉक्टर, मग छंद. आपल्याकडे पाळी थांबण्याचं सरासरी वय ४६-४७ च्या आसपास आहे. त्याच्या आधीची आणि नंतरची काही वर्षं झोप मोडते, छातीत धडधडतं, उगाच रडू येतं. थायरॉइड मंदावला किंवा रक्त कमी झालं तरी माणूस असाच विझल्यासारखा होतो. हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची चाचणी), बी-१२ आणि साखर तपासून घ्या. दोन आठवडे रोज, दिवसाचा बराच वेळ मन उदास असेल, भूक आणि झोप दोन्ही बिघडली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. ‘टेली-मानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे. तिथे मराठीतून बोलता येतं. जगणंच नकोसं वाटलं तर त्याच दिवशी फोन करा, रिपोर्ट यायची वाट बघू नका.

तब्येतीचं मार्गी लागलं की चौदा दिवस एक वही ठेवा. जेवढ्या वेळा जमेल तेवढ्या वेळा लिहा : वेळ, काय केलं, आणि पुढे एक खूण. काम करताना घड्याळाकडे लक्ष गेलं नसेल तर अधिक, दोनदा घड्याळ बघितलं असेल तर उणे. चौदा दिवसांत अधिकच्या खुणा बहुधा चार-पाचच निघतात, आणि त्या आपण ठरवलेल्या ‘आवडी’च्या पुढे क्वचितच असतात. शेजारच्या मुलाला टक्केवारी समजावली, जावेचा बँकेचा फॉर्म भरून दिला, अशा ठिकाणी असतात.

त्या खुणांच्या जवळचं एक काम निवडा. चार गोष्टी बघा. वार आणि वेळ ठरलेली हवी. घराबाहेरचं निदान एक माणूस तुमची वाट बघत असायला हवं. आठवड्याला तीन ते सहा तासांपेक्षा जास्त नको. आणि तीन महिन्यांनी हातात दाखवता येईल असं काहीतरी हवं. दुसरी अट सगळ्यात महत्त्वाची. घरच्या घरी भरतकाम करणं छानच, पण बुधवारी अकरा वाजता तुम्ही गेला नाहीत तर कोणाचंच काही अडत नसेल, तर चौथ्या आठवड्यात तुम्ही जाणार नाही.

तुमच्यासाठी आम्हाला एक काम डोळ्यासमोर दिसतं : बचत गटांचे हिशेब. दहा ते वीस बायकांचा गट असतो. बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब या पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र बहुतेक गटांत लंगडं असतं. इतिवृत्त, रोकडवही, बचत-कर्जाची खतावणी आणि प्रत्येकीचं पासबुक, एवढ्याच वह्या. चूक कुठे होते ते बघा. एकीने ५,००० रुपये घेतले, महिना २ टक्के, दहा हप्ते ५०० चे. लिहिणारी दर महिन्याला सरसकट १०० रुपये व्याज लावते, म्हणजे दहा महिन्यांत १,०००. खरं तर दुसऱ्या महिन्यात मुद्दल ४,५०० उरतं, व्याज ९०, मग ८०. असं करत एकूण व्याज ५५० होतं. ज्या बाईच्या खिशातून ४५० रुपये जास्त गेले तिला ते कळतही नाही. पेढीवर दोन वर्षं काढलेल्या माणसाला ही चूक पहिल्याच पानावर दिसेल. ग्रामीण भागात बचत गटांसाठीच्या ‘उमेद’ या सरकारी अभियानाचं तालुका कार्यालय आणि शहरात महापालिकेचा समाजविकास विभाग, इथे विचारा. एकच गट घ्या. दोन नकोत.

बारा बैठका होईपर्यंत सोडायचं की नाही हा विचार करायचा नाही. चौथ्या-पाचव्या वेळी कंटाळा येतोच. नवलाई संपलेली असते आणि हात बसलेला नसतो. याच काळात बहुतेक जण सोडतात आणि ‘माझं क्षेत्रच नव्हतं’ म्हणतात.

प्रश्न : वय ४६, बेंगळुरू. मी नोकरीला कंटाळलोय असं म्हटलं की मुलगा म्हणतो, ‘बाबा, हा मिडलाइफ क्रायसिस.’ असं खरंच काही असतं का?

हा शब्दप्रयोग एलियट जॅक या मनोविश्लेषकाने १९६५ मध्ये एका निबंधात रूढ केला. त्याने प्रामुख्याने कलावंतांच्या आयुष्याकडे बघून तो मांडला होता. मध्यमवयात प्रत्येकालाच असा झटका येतो असं पुढच्या अभ्यासांत काही दिसलं नाही. वय ४६ असताना नोकरीचा कंटाळा येण्याला बहुतेकदा साधी कारणं असतात : तेच काम आठ-दहा वर्षं, वरचा साहेब, रोजचे दोन तास ट्रॅफिकमध्ये, आई-वडिलांची आजारपणं. कारण शोधा, नाव नको. चिरंजीवांना सांगा, हा निदानाचा शब्द नाही. डॉक्टरही तो चिठ्ठीवर लिहीत नाहीत.

प्रश्न : वय ५१, नाशिक. महसूल खात्यात अव्वल कारकून. १९९९ ची नेमणूक. सिन्नर तालुक्यात वडिलोपार्जित तीन एकर आहे, सध्या वाट्याने दिलेली. स्वेच्छानिवृत्ती घेऊन शेती करावी, मातीत हात घालावेत असं तीव्रतेने वाटतं. घरचे विरोधात आहेत.

नियमाने तुम्हाला हरकत नाही. वीस वर्षं अर्हताकारी (म्हणजे पेन्शनसाठी धरली जाणारी) सेवा झाली की तीन महिन्यांची नोटीस देऊन जाता येतं. १ नोव्हेंबर २००५ च्या आधीचे असल्याने जुनी पेन्शन आहे. पण आकडा कागदावर मांडा. वार्षिक वेतनवाढ ३ टक्के धरली तर ५८ पर्यंतच्या सात वाढींत मूळ वेतन सुमारे २३ टक्क्यांनी वाढतं. उदाहरणादाखल आज मूळ वेतन ६०,००० असेल तर ते ७३,८०० च्या आसपास जाईल. पेन्शन साधारण त्याच्या निम्मी, म्हणजे आज ३०,००० आणि तेव्हा ३६,९००, महागाई भत्ता वेगळा. दरमहाच्या या सात हजारांच्या फरकात सात वर्षांचा पगार धरलेला नाही, बढती मिळाली तर तीही नाही. आस्थापना शाखेकडून उपदान (ग्रॅच्युइटी), भविष्य निर्वाह निधी आणि रजा रोखीकरण यांचा लेखी हिशेब घ्या. आरोग्य विमा नोकरीत असतानाच काढा. आधीपासूनच्या आजारांना विमा कंपन्या तीन वर्षांपर्यंत थांबवू शकतात.

आता घरच्यांशी न भांडता करण्यासारखं. २९ फेब्रुवारी २०२० पासून तुम्हाला पाच दिवसांचा आठवडा आहे. शनिवार-रविवार धरून वर्षाचे १०४ दिवस झाले. अर्जित रजेचा साठा ३०० दिवसांवर गेला असेल तर पुढची रजा रोखीत मिळणारच नाही, ती शेतावर काढा. तीनपैकी एकच एकर वाटेकऱ्याकडून परत मागा. बऱ्याच गावांत वाट्याचं पाडव्याला ठरतं, म्हणून आत्ताच बोला, ऐन पेरणीच्या तोंडावर नको. आणि पहिलं पीक हरभऱ्याचं घ्या.

हरभराच का, तर साधारण ११० दिवसांत निकाल लागतो, पाणी कमी लागतं आणि चुका लवकर दिसतात. बागायतीत पेरणी ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. एकरी बियाणं २५ ते ३० किलो, दोन ओळींत ३० सेंटिमीटर, दोन रोपांत १० सेंटिमीटर. मर रोग टाळायला पेरणीआधी बियाण्याला किलोला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोग रोखणारी उपयोगी बुरशी) चोळायचा. पहिलं पाणी ३०-३५ दिवसांनी फुलोऱ्याच्या सुमाराला, दुसरं ६५-७० दिवसांनी घाटे, म्हणजे हरभऱ्याच्या शेंगा, भरताना. शहरातून आलेला माणूस इथेच चुकतो. पीक सुकल्यासारखं वाटतं, मन राहत नाही, तिसरं-चौथं पाणी सोडतो. मग झाड नुसतं पाल्याला जातं आणि घाटे धरत नाही. घाटे अळीसाठी एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) आणि पक्ष्यांना बसायला काठ्या लावा. अळी दिसल्यावर फवारणीला पळण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा ओळींतून चालत जाणं स्वस्त पडतं.

पैशाचा हिशेब लिहाच, पण शेजारी आणखी एक नोंद ठेवा : रात्रपाळीच्या लाइटला दोन वाजता मोटर चालू करायला उठलात तेव्हा कसं वाटलं? खुरपणीला बाई मिळेना तेव्हा? बियाण्यासाठी तीन दुकानं फिरल्यावर? शेतीचा रम्य भाग सगळ्यांना झेपतो. हे झेपलं, तर दुसऱ्या रब्बीनंतर नोटीस लिहा. आणि एक गोष्ट स्वतःलाच विचारा. सध्याचा साहेब बदलून गेला तरी शेतीच करावीशी वाटेल का? उत्तर अडखळलं तर आधी बदलीचा अर्ज करा.

प्रश्न : वय ५४, कोल्हापूर. बँकेतून लवकर निवृत्त झालो. इतिहासाची आवड आहे. घरी आजोबांच्या पेटीत मोडीतले शंभरेक कागद आहेत, कोणालाच वाचता येत नाहीत. या वयात मोडी शिकता येईल का? आणि शिकून त्याचा उपयोग?

या महिन्यातलं सगळ्यात सोपं पत्र, कारण तुमचं काम पेटीत तयार आहे. उपयोगाचं आधी सांगतो. पुण्याचं पेशवे दफ्तर, १९१० मध्ये स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ, जिल्ह्याजिल्ह्यांची अभिलेख कक्षं, सगळीकडे मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे कापडी गठ्ठे, बांधून ठेवलेले आहेत आणि वाचणारे थोडे. सप्टेंबर २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा गावोगावी कोतवाल बुकं, म्हणजे गाव नमुना १४ ची जन्म-मृत्यूची दप्तरं उघडली गेली आणि मोडी जाणकारांची शोधाशोध सुरू झाली. म्हणजे वाट बघणारं माणूस आहेच.

वयाचं म्हणाल तर अडचण स्मरणशक्तीची येत नाही, डोळ्यांची येते. जवळच्या चष्म्याचा नंबर तपासून घ्या आणि दुप्पट-तिप्पट मोठं दाखवणारं भिंग घ्या. रोज ४० मिनिटं पुरतात. रविवारी एकदम चार तास बसणाऱ्याचं मागच्या रविवारचं विसरलेलं असतं.

पहिले दोन आठवडे फक्त अक्षरं, तीही हाताने लिहून. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं लटकवत जायचं. लेखणी शक्यतो उचलायची नाही, म्हणून अक्षरांना ते वळण आलं आहे. लिहिल्याशिवाय वाचता येत नाही असं मोडी शिकवणारे सांगतात ते यासाठी. हाताला वळण कळलं की डोळ्याला तुटका फराटाही अक्षर म्हणून दिसतो. तिसरा-चौथा आठवडा बाराखडी. इथे बँकेतल्या माणसाला दिलासा : ऱ्हस्व-दीर्घाचा भेद मोडीत पाळत नाहीत. पाचव्या-सहाव्या आठवड्यात रोजच्या वर्तमानपत्रातला एक परिच्छेद मोडीत उतरवा आणि दुसऱ्या दिवशी तो मूळ न बघता वाचा. स्वतःचंच लिहिलेलं अडतं, तेव्हा कुठली अक्षरं कच्ची आहेत ते कळतं. ‘र’ बहुधा छळतोच. शेजारच्या अक्षराला जोडताना तो रूप बदलतो.

सातव्या आठवड्यापासून पेटीतले कागद, पण जुन्यातला जुना नाही. १८१८ नंतरचे, इंग्रजी अमदानीतले खरेदीखत, पावती, गहाणखत घ्या. मजकूर ठरावीक साच्याचा असल्याने पुढचा शब्द काय असेल ते आपसूक कळतं. पेशवाईतली पत्रं त्यानंतर. शब्दांत जागा सोडलेली नसते, विरामचिन्हं नसतात, शब्द ओळीच्या टोकाला तुटून पुढच्या ओळीत जातो. आधी मोठ्याने वाचा. कानाला शब्द लागतो तिथे पेन्सिलने झेरॉक्सवर रेघ मारा. मूळ कागदावर कधीच नाही.

दोन ठिकाणी नवशिका हमखास पडतो. पहिलं, ॥ ही खूण. ‘क॥’ म्हणजे कसबे, ‘प॥’ म्हणजे परगणे, इथे ती संक्षेपाची आहे. आकड्यानंतर मात्र तीच खूण अर्धा सांगते : १। म्हणजे सव्वा, १॥ म्हणजे दीड, १॥। म्हणजे पावणेदोन. १॥ रुपये म्हणजे एक रुपया आठ आणे. मागे अक्षर आहे की आकडा, एवढं बघायचं. दुसरं ठिकाण तारखेचं. शके असेल तर ७८ मिळवा, जानेवारी ते पाडव्यापर्यंतची मिती असेल तर ७९. पण पेशवाईतल्या कागदावर बहुतेकदा अरबी शब्दांत शुहूर सन (त्या काळची एक कालगणना) असतो, आणि तोही एककापासून सुरू होतो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ : एक, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे ११६१. मृग नक्षत्रापासून (जूनच्या सुरुवातीपासून) डिसेंबरपर्यंतचा कागद असेल तर ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतचा असेल तर ६००. ११६१ अधिक ६०० म्हणजे १७६१, जानेवारी. हे पानिपतचं साल आहे. इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस… एक ते नऊ आणि दहाचे दशक पाठ केले की कुठलाही सन उलगडतो. परवचा म्हटलेल्या पिढीला हे जड नाही.

कागदांविषयी : पेटी उघडल्यावर चिकटपट्टी आणि लॅमिनेशन या दोन गोष्टी घरात असतील तर लांब ठेवा. चिकटपट्टीचा डिंक काही वर्षांत तपकिरी होऊन शाई खातो, आणि लॅमिनेट केलेला कागद सोडवता येत नाही. हात धुऊन, कोरडे करून, मऊ ब्रशने धूळ झाडा. थुंकी लावून पान उलटायचं नाही. घडी कडक झाली असेल तर जोर लावू नका, पुराभिलेखागारात दाखवा. खिडकीजवळ बाजूने येणाऱ्या उजेडात, फ्लॅश बंद करून, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा. कागदाला नव्हे, फोटोला आणि पाकिटाला क्रमांक द्या. कागद कुठल्या क्रमाने आणि कशात गुंडाळलेले होते तेही लिहून ठेवा. तो क्रम मोडला की निम्मा अर्थ जातो. पुन्हा ठेवताना धुतलेल्या सुती कापडात.

राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षणवर्ग घेतं, तुमच्याकडेही त्याचं कार्यालय आहे, तिथे चौकशी करा. वर्गाचा मोठा फायदा म्हणजे अडलेला शब्द विचारायला माणूस मिळतो. एकट्याने शिकणारे अडलेल्या शब्दाच्या जागी मनचा शब्द बसवतात आणि मग तीच सवय लागते. अडलं तिथे टिंबं द्यावीत. टिंबं देता येणं ही चांगल्या वाचकाची खूण. आणि लिप्यंतर करून कोणाला दिलंत तर ते जमिनीच्या दाव्याचा पुरावा म्हणून थेट वापरू नये, त्यासाठी अधिकृत प्रत लागते, हे त्याला आधीच सांगा.

प्रश्न : वय ५०, ठाणे. यजमान ५५ वर्षांचे, कंपनीतून नुकतेच मोकळे झाले. नर्मदा परिक्रमेला पायी जायचं म्हणतात. ‘तिथे मला माझं उत्तर मिळेल’ असं त्यांचं म्हणणं. त्यांना मधुमेह आहे. मी काय करू?

अडवू नका, तयारी करून घ्या. नर्मदेची लांबी १,३१२ किलोमीटर, दोन्ही काठ मिळून २,६०० च्या पुढे. रोजचे २० किलोमीटर धरले तरी १३० दिवस. परंपरेने परिक्रमा तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवसांची. चातुर्मासात चालत नाहीत. नदी उजव्या हाताला ठेवायची आणि ओलांडायची नाही, मुखाशी तेवढी नाव.

निघायच्या आधी बारा आठवडे सराव हवा. सहा-सात किलोची पिशवी पाठीवर घेऊन ८ किलोमीटरपासून सुरुवात, शेवटी सलग दोन दिवस १५-१५. एका दिवसाला सगळेच चालतात, दुसऱ्या दिवशी उठून चालता येतं का ते बघायचं. बूट अर्धा नंबर मोठे, कारण संध्याकाळी पाय सुजतात, आणि ते महिनाभर वापरून मुरलेले हवेत. मधुमेहात तळव्याची संवेदना कमी झाली असेल तर फोड आलेला कळतच नाही. म्हणून एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या तपासणीबरोबर पायांच्या संवेदनेची तपासणी करून घ्या. अनवाणी चालायचा नवस असेल तर तो डॉक्टरांच्या परवानगीशिवाय नको. चालण्याने साखर उतरते, तेव्हा गोळ्यांची मात्राही आधीच विचारून ठेवायची. रोज रात्री आरशाने तळवे बघायचे, खिशात साखर ठेवायची.

उत्तराचं म्हणाल तर रोज उठून चालायचं, मागून खायचं, आश्रमात पडायचं या चाकोरीत पुष्कळांना खूप बरं वाटतं. दिवसाला काम असतं आणि ते संध्याकाळी संपतं. घरी परतल्यावर नेमकं तेच नसतं, आणि महिनाभरात पुन्हा ‘निघू या’ सुरू होतं. म्हणून परतीनंतरच्या पहिल्या आठवड्याचा एक वार आणि एक ठिकाण जायच्या आधीच ठरवून घ्या. पतपेढी असो, शाळा असो, रुग्णालयातला मदत कक्ष असो. तिथल्या माणसाला तारीख सांगून ठेवू द्या.

आणि तुमच्यासाठी : चार-साडेचार महिन्यांत येणारे विम्याचे हप्ते, मालमत्ता कर आणि गॅस कोणाच्या नावावर आहे याची यादी, बँक खात्याचं वारसनामांकन, त्यांच्या औषधांच्या चिठ्ठीची प्रत तुमच्या फोनवर. दर तिसऱ्या दिवशी फोन, रेंज नसेल तर पुढच्या मुक्कामाचं नाव आधी कळवायचं. हे सगळं मान्य असेल तरच तिकीट काढायचं, असं स्पष्ट सांगा.